दहावी खुंटी

तो स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेव. ठेवलास? बरं. कॅबिनेटचं झाकणही राहू दे तसंच. तुझा कॉम्प्युटर दिवसातून चारदा आपोआप बंद पडून पुन्हा चालू होतो, मान्य. पण सकाळपर्यंत तो काही पळून जात नाही. उद्या उजेडात उघड, मी स्वतः शेजारी टॉर्च धरून बसतो. रात्री मात्र माझ्यासमोर उघडायचा नाही.

हसा. मामाला वय झालं म्हणा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, भुताखेतांवर माझा विश्वास आहे का हे मला विचारू नका, कारण मलाच ते अजून नक्की ठरवता आलेलं नाही. पण आज ज्या वेळा सांगेन त्या मिनिटाला धरून बरोबर असतील, एवढं समजून चाला. आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या शेजारच्या दुकानदाराच्या बाबतीत घडलंय, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हे. खोटं बोलायला लागते ती कल्पनाशक्तीच त्याच्याकडे नाही.

माझ्या दुकानाला लागून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खरं नाव काहीही असो, सगळे त्याला खात्रीशेठ म्हणतात, कारण 'खात्री करून घेऊ' हे त्याचं दर दुसरं वाक्य. रात्री दुकानाचं कुलूप तीनदा ओढून पाहणार आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन चौथ्यांदा ओढणार. लग्नाला होकार द्यायलाही याने चार महिने घेतले होते, असं त्याची बायको अजून चारचौघांत सांगते.

त्याच्या दोन सवयी नीट ध्यानात ठेवा. एक म्हणजे रजिस्टर. दिवसभरातलं प्रत्येक काम रात्री झोपायच्या आधी तो घरी बसून त्यात लिहितो. चार रकाने: तारीख, तक्रार, कारण, उपाय. चारही भरले की मगच दिवा बंद. दुसरी सवय म्हणजे बरणी. ज्या तुकड्यामुळे मशीन बिघडलं, तो तुकडा कागदात गुंडाळून खिशात घालायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या काचेच्या बरणीत टाकायचा. जळकी वायर, फुगलेला कपॅसिटर, एकदा तर मेलेली पाल. तिला तो गुन्हेगारांची बरणी म्हणतो.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, दुसरा आठवडा, सोमवार. संध्याकाळी एका मुलीचा त्याला फोन आला, आणि तो तिच्या घरी गेला. चार गल्ल्या पलीकडे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत आई, जुना दमा. बाहेरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. घरात तिसरं माणूस नाही. मुलगी असेल चोवीस-पंचवीसची. परदेशातल्या कार्यक्रमांतले संवाद कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि ते टाइप करायचे, हे तिचं काम. ते रात्री चालायचं. त्यावर घर चालायचं आणि आईची औषधंही.

आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. सूचना नाही, आवाज नाही. पडदा काळा, मग आपोआप पुन्हा चालू. तोवर केलेलं काम गेलं. दोनदा तिचं काम वेळेत पोचलं नव्हतं. आता ऑफिसने सांगितलं होतं, शुक्रवारी सकाळी आठला मोठं काम हवं, नाही तर पुन्हा काम मागू नकोस.

कॉम्प्युटर तिच्या दादाने जोडलेला होता. एकेक भाग विकत आणून, घरी, जमिनीवर चादर पसरून. तो दादा चौदा महिन्यांपूर्वी गेला होता. कामावरून परत येत होता, रात्रीची वेळ, मोटरसायकल घसरली. ती हे अगदी कोरडेपणाने सांगत होती, असं तो मला म्हणाला. मग खात्रीशेठने कॅबिनेटचं झाकण काढलं, आणि त्याला हसूच आलं.

आतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका. नेलपॉलिश!

तशी ती जुनी युक्ती आहे, आम्ही घड्याळवालेही करतो. स्क्रू हलून सैल पडू नये म्हणून त्यावर रंगाचा थेंब द्यायचा. मुलीलाही हसू आलं. नेलपॉलिश तिचीच, दादाने न विचारता उचललेली, आणि त्यावरून दोघांचं आठवडाभर भांडण झालेलं. दादाचा नियम असा, की सगळं तपासून झाल्याशिवाय रंग लावायचा नाही, आणि एकदा लावला की त्या स्क्रूला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. रंग लावला म्हणजे विषय संपला. खात्रीशेठला तो न पाहिलेला पोरगा लगेच आवडला. आपल्या जातकुळीचा निघाला, म्हणाला.

सोमवारी त्याने भिंतीतलं वीजकनेक्शन तपासलं, आतला वीज देणारा डबा काढून आपल्या पिशवीतला बसवला. मंगळवारी पहाटे मशीन पुन्हा बंद पडलं. बुधवारी मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या, पंखा धुऊन पुसून लावला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. बुधवारच्या रात्री मशीन पुन्हा बंद. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं. याने हात टेकायचेच बाकी होते.

त्या बुधवारी आणखी एक गोष्ट झाली होती. तेव्हा तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. बंद पडताना मशीनवर नेमकं काय चालू होतं, हे त्याला हवं होतं, म्हणून त्याने मुलीला तारखा विचारल्या. मुलगी म्हणाली, तारखा अशा ध्यानात नाहीत, पण थांबा. आणि आईची वही घेऊन आली. दम्याचा झटका कधी आला, वाफ किती वेळ दिली, हे डॉक्टरांनी तिला लिहून ठेवायला सांगितलं होतं.

"आईला त्रास व्हायचा त्याच रात्री हे बंद पडायचं, काका," ती म्हणाली. "दुष्काळात तेरावा महिना."

याने हं म्हटलं आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण शहाणा तेव्हा पेस्ट खरवडत होता.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला तो गेला तो ठरवूनच, की आज सगळं सुटं करायचं. कॉम्प्युटरच्या आत एक मोठी हिरवी पाटी असते, मदरबोर्ड. तिच्या पाठीवर सगळे सांधे उघडे असतात, त्यामुळे ती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकून चालत नाही. म्हणून पत्र्यावर पितळेच्या बारक्या खुंट्या बसवतात आणि पाटीला जिथे भोकं असतात तिथे त्या खुंट्यांवर स्क्रू पिळतात. या पाटीला भोकं नऊ. याने नऊ ठिपके फोडले, नऊ स्क्रू काढले, पाटी उचलली.

खाली खुंट्या दहा होत्या.

घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्यांची ही हमखास होणारी चूक. पत्र्यात वेगवेगळ्या मापांच्या पाट्यांसाठी जास्तीची भोकं असतात, त्यातल्या एकात खुंटी राहून जाते. ती वर पाटीच्या पाठीला टेकते, कधी टेकते कधी नाही, आणि टेकली की मशीन झटक्यात बंद. चोर सापडला. याचा जीव भांड्यात पडला.

फक्त एकच गोष्ट त्याला खटकली. नऊ खुंट्यांच्या बुडाशीही पोराने लाल ठिपके दिले होते. दहावीला रंग नव्हता. आणि मशीन चार वर्षं एकदाही बंद पडलं नव्हतं म्हणे. हे सगळं सुरू झालं आठ महिन्यांपूर्वी, मुलीने रात्रीचं काम धरल्यापासून. एवढा काटेकोर पोरगा खुंटी विसरेल कसा? आणि विसरला, तर ती चार वर्षं गप्प कशी बसेल? त्याने दोन मिनिटं विचार केला, म्हणाला. मग काढली. कागदात गुंडाळून, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात टाकली.

सगळं पुन्हा बसवल्यावर त्याने मुलीकडे ती नेलपॉलिश मागितली. दादाची पद्धत मोडायला नको, म्हणून. तिने फळीवरून बाटली आणून दिली. तिने ती दादा गेल्यापासून उघडली नव्हती. झाकण पक्कडीने काढावं लागलं. आत रंग वाळून दगड झाला होता. उलटी केली तरी थेंब नाही. राहू दे, म्हणाला, रंगाशिवाय चालेल.

मग त्याने दोन तास मशीनला घाम फोडला. सगळ्या चाचण्या. गरम झालं, पंखे ओरडले, पण बंद पडलं नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो निघाला. निघताना मुलीला सांगितलं, आता बिनधास्त बस, सकाळपर्यंत उठायची गरज पडणार नाही.

उठायची गरज पडणार नाही. हे त्याचेच शब्द.

ती हेडफोन कानाला लावत होती. हेडफोनही दादाचेच, मोठे, कान पूर्ण झाकणारे. जिना उतरताना आतल्या खोलीतून तिची आई खोकल्याचं त्याला ऐकू आलं. बाहेरच्या खोलीतून मुलीने ओ दिली नाही. त्याला त्यात काही वाटलं नाही.

घरी जेवला. बायको झोपली. दोन गिऱ्हाइकांचं उरलेलं काम घेऊन बसला, ते संपायला बराच उशीर झाला. मग रजिस्टर उघडलं. भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडूनच नेलेलं, त्यात एक पन्नास झाले होते. तारीख लिहिली. तक्रार लिहिली: मशीन आपोआप बंद होऊन चालू होते. कारण लिहिलं: जास्तीची खुंटी. उपाय लिहायला पेन टेकवलं आणि थांबला. कारण हा खात्रीशेठ. खुंटी पाटी तापल्यावर टेकत असणार, मग मशीन किती वेळ चालल्यावर बंद पडायचं हे एकदा ताडून पाहू, म्हणाला.

मशीन अचानक बंद पडलं की त्याची वेळ आत नोंदली जाते. त्या वेळा त्याने संध्याकाळी वहीत उतरवून आणल्या होत्या. शेजारी मोबाइलवर आईच्या वहीचा फोटो उघडला.

मशीन, एक तारीख, रात्री दोन बारा. आईचा झटका, एक तारीख, दोन पंधरा.

बरं, म्हणाला. योगायोग.

मशीन, चार तारीख, एक चाळीस. आई, एक त्रेचाळीस.

मशीन, पाच तारीख, पहाटे चार एकवीस. आई, चार चोवीस.

पुढची ओळ... त्याच्या पुढची... फोटो काढला तोवरच्या पंधरवड्यातल्या सात वेळा. सात झटके. प्रत्येक वेळी आधी मशीन. प्रत्येक वेळी तीन मिनिटं. आणि झटका नाही असा एकही दिवस मशीन बंद पडलेलं नव्हतं.

घड्याळं चुकली असतील म्हणता? मशीन वेळ इंटरनेटवरून घेतं. आणि त्या आईच्या उशाचं घड्याळ मी लावून दिलेलं होतं. ते चुकत नाही.

आता तुम्हीच विचार करा. मुलगी कान बंद करून बसलेली. आतल्या खोलीत आई. दम्याचा झटका आला की माणसाला हाक मारता येत नाही, तोंडातून शब्दच फुटत नाही. आजवर मशीन बंद पडायचं. आवाज थांबायचा. मुलगी वैतागून हेडफोन काढायची, पाणी प्यायला उठायची... आणि तिला आई ऐकू यायची. आठ महिने असंच. आपण नशिबाने जाग्या होतो, असं तिला वाटायचं.

आणि आज याने तिला सांगितलं होतं, उठायची गरज पडणार नाही.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कामाच्या वेळी तिचा फोन आवाज बंद करून टेबलाच्या खणात असायचा, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. तिसऱ्यांदा लावला.

मग उठला. खिसा चाचपला. कागदाची घडी होती. आत खुंटी होती, बोटांना टोचली. पायात चपला आहेत की नाही हेही त्याने पाहिलं नाही. पोरांनो, पंचवीस वर्षं बिघाड काढणारा माणूस, त्या रात्री काढलेला बिघाड परत बसवायला धावला.

स्कूटर चालू होईना. किक मारून मारून पायात गोळे आले. तशीच टाकली. पळाला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. एक गल्ली. दुसरी. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तिसरी.

चौथ्या गल्लीच्या तोंडाशी त्याला ती खिडकी दिसली. वरचा मजला. पातळ पडदा. आत पडद्यामागे कॉम्प्युटरचा उजेड.

त्या उजेडात मुलीची सावली. बसलेली. डोक्यावर हेडफोनची कमान.

आणि तिच्या बाजूला... दुसरी.

वाकलेली. टेबलाच्या कडेला, जिथे कॅबिनेट ठेवलेलं होतं, तिथे. डोकं खाली. एक हात पुढे... दोन बोटांत काहीतरी बारीक धरलेलं. अगदी सावकाश. काळजीने काम करणारा माणूस वाकतो तसं.

आई उठली वाटतं, असं त्याच्या मनात आलं. बरं झालं, उठली.

मुलीने मान वळवली नाही.

...

खिडकी काळी झाली.

एक क्षण सगळं काळं. मग निळा उजेड. मशीन पुन्हा चालू होताना असतो तो. पडद्यावर आता एकच सावली होती. तिने डोक्यावरून हेडफोन काढले. उभी राहिली.

याने मनगटावर पाहिलं. दोन एकतीस.

तो जिना चढला. दार वाजवायला हात उचलला तेवढ्यात आतल्या खोलीत दिवा लागल्याचं दाराच्या फटीतून दिसलं. मुलगी 'आई' म्हणाली, एकदाच. पळत्या पावलांचा आवाज. दोन चौतीस.

दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात वाफेचा मास्क होता. काका तुम्ही कसे, हे विचारण्याइतकीही तिला उसंत नव्हती. दोघं आत गेले. आई पलंगावर बसलेली, ओठ निळसर, डोळे मोठे झालेले. वाफ सुरू होती. हा कोपऱ्यात उभा राहिला आणि त्या माउलीचा श्वास मोजत राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. सव्वातीनपर्यंत. मग ओठांवर रंग आला. तिने याच्याकडे पाहून हात हलवला, बसा म्हणून. याला रडू आलं, म्हणाला. हे सांगायला त्याला लाज वाटली नाही, मलाही वाटत नाही.

आई झोपल्यावर मुलगी बाहेरच्या खोलीत आली. चिडलेली नव्हती, दमलेली होती. म्हणाली, काका, तुम्ही म्हणालात दुरुस्त झालं, पण पुन्हा बंद पडलं. बंद पडलं म्हणून उठले.

याने विचारलं, मगाशी तुझ्याजवळ कोण उभं होतं?

कुणी नाही, म्हणाली. आई तर पलंगावरून हललीसुद्धा नव्हती.

मग याने तिच्यासमोर वही ठेवली आणि मोबाइल ठेवला. तिने ओळी वाचल्या. एक. दुसरी. तिसरीला तिने टेबलाची कड धरली.

खात्रीशेठने खिशातून कागद काढला. पहिली घडी उघडली. दुसरी. तिसरी. चौथी. घड्या त्याच्याच, जशाच्या तशा. आत काही नव्हतं. पितळेचा डाग तेवढा कागदावर.

त्याने खिसा उलटा केला. दुसरा खिसा. जमीन पाहिली. मग दोघांनी एकाच वेळी कॅबिनेटकडे पाहिलं.

उघडू नये, असं त्याला फार वाटत होतं. पण हा खात्रीशेठ. त्याने वायर काढली, झाकण काढलं. मुलीने टॉर्च धरला. नऊ स्क्रू. संध्याकाळी त्याने स्वतः पिळलेले, बिनरंगाचे, आता गार. जसेच्या तसे घट्ट. कुणीही काढलेले नव्हते. त्याने एकेक काढला. पाटी उचलली.

दहावी खुंटी जागेवर होती.

पक्की. बोटांनी फिरवली तर फिरली नाही. आणि बुडाशी लाल ठिपका. गोल, नीट. टॉर्चमध्ये चमकत होता... त्याने बोट लावलं.

ओला.

दोघंही फळीकडे वळले. बाटली होती तिथेच होती. मुलीने ती उचलली, उलटी केली. दगड.

आतून आईच्या श्वासाचा आवाज येत होता, सरळ, एकसारखा. मग मुलीने टॉर्च खाली ठेवला.

"दादाने रंग लावलाय," ती म्हणाली. "आता काढू नका, काका."

याने नाही काढली. पाटी जशी होती तशी वर बसवली, नऊ स्क्रू पिळले. मग दोघांनी मिळून ते टेबल ओढत आतल्या खोलीत नेलं, आईच्या पलंगाला लावलं. हेडफोन तिने फळीवर ठेवून दिले आणि आवाज बारीक करून काम केलं. काम दर दहा मिनिटांनी दुसरीकडे साठवायचं कसं, ते याने शिकवलं. सकाळी सात पन्नासला काम पोचलं. मशीन मध्ये एकदाही बंद पडलं नाही. पडायची गरजच नव्हती.

आई आहे अजून, ठणठणीत म्हणता येणार नाही, पण आहे. घड्याळाचा सेल बदलायला मुलगी माझ्याकडे येते. मशीन अधूनमधून बंद पडतं म्हणते. नवीन घ्यायची ऐपत आता तिची झाली आहे, पण ते जुनंच वापरते आणि दुरुस्तीला कुणाला हात लावू देत नाही.

खात्रीशेठ पहाटे घरी पोचला. रजिस्टर तसंच उघडं पडलं होतं. शेवटचा रकाना रिकामा. सवयीने बोट ठेवून ओळ शोधली, आणि बोट उचललं तर उपायाच्या रकान्यात लाल ठसा उमटला होता. त्या खुंटीवरचा. त्याने तिथे पुढे काही लिहिलं नाही. पान मिटलं.

हे सगळं त्याने मला जवळजवळ तीन वर्षं सांगितलंच नव्हतं. गेल्या महिन्यात सांगितलं, तेही मी बरणीबद्दल चेष्टा केली म्हणून. रजिस्टर आणून माझ्यासमोर ठेवलं. मी ते पान उघडलं. पलीकडच्या पानावरही तसाच डाग होता, उलटा. पान मिटलं की लागतो तसा. मी म्हटलं, नेलपॉलिश दहा मिनिटांत वाळते रे, तीन वर्षांचा डाग आहे हा.

तो म्हणाला, खात्री करून घे.

मी बोट लावलं...

हे बघ. धरा तो दिवा इकडे. महिना झाला. साबणाने धुतो, रॉकेलने पुसतो, निघत नाही. आणि नुसतं निघत नाही एवढंच असतं तर मी काही बोललो नसतो. लाव, तुझं बोट लाव. घाबरू नकोस.

लागलं?